जबलपूर : छप्परकामाच्या व्यवसायाला स्थानिक शोधात स्थान कसे मिळते

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात वर्षाकाठी सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर छत गळू लागले की घरमालक पूर्वी शेजाऱ्याला किंवा हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारत असे. आता तो मोबाईलवर दोन-तीन शब्द टाईप करतो. पडद्यावर नकाशा येतो आणि त्याखाली सामान्यतः तीन व्यवसायांची नावे दिसतात. घाईत असलेला ग्राहक त्यापुढे फारसा जात नाही.

या तीन नावांत पत्र्याचे, कौलांचे अथवा वॉटरप्रूफिंगचे काम जाणणाऱ्या स्थानिक कारागिराचे नाव असणे, ही केवळ त्याच्या कमाईची बाब नाही. छप्परकामात आगाऊ रक्कम द्यावी लागते, काम डोळ्यांआड उंचावर होते आणि ते नीट झाले की नाही हे पावसातच कळते. तोवर करणारा निघून गेलेला असला तर ग्राहकापाशी एक बंद लागणारा फोन नंबर तेवढा उरतो. म्हणून शोधात कोण वर येते आणि का येते, हे व्यावसायिकाइतकेच घरमालकालाही ठाऊक असणे हिताचे आहे.

शहर आणि त्याची छपरे

जबलपूरची छपरे एका प्रकारची नाहीत. जुन्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत कौलारू घरे अद्याप आढळतात. या शहराचे कौलांशी असलेले नातेही जुने आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्न आणि कंपनी व परफेक्ट पॉटरी यांचे मातीकामाचे कारखाने येथे चालत असत. जवळच्या कैमूर येथे १९३०च्या दशकात ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचे उत्पादन सुरू झाले. १९९८ मध्ये कटनी जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग जबलपूर जिल्ह्यातच मोडत असे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया येथील आयुध निर्माणी, वाहन निर्माणी आणि त्यांच्या वसाहती यांमुळे मोठ्या शेडची आणि पत्र्याच्या छपरांची कामे शहराच्या परिचयाची झाली. २२ मे १९९७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या कौलारू घरांची मोठी हानी झाली. छप्पर किती जड आहे आणि ते कोणत्या भिंतीवर बसवले आहे, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

आज 'छप्परकाम' या एका शब्दाखाली निदान चार वेगळे धंदे येतात : कौले फेरणे व लाकूडकाम, पत्र्याच्या शेडची उभारणी, सिमेंटच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग आणि पत्रे, कौले, स्क्रू, पन्हळी या मालाची विक्री. ही चारही कामे सारख्याच कुशलतेने करणारा माणूस विरळा. शोधात मागे पडलेल्या अनेक व्यवसायांचे मूळ दुखणे हेच असते, की आपण यांपैकी नेमके कोणते काम करतो हे त्यांनी कोठेही स्पष्ट लिहिलेले नसते.

निवडीचे तीन निकष

स्थानिक शोधाचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात, असे गुगलने जाहीर केले आहे : विचारलेल्या प्रश्नाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. प्रसिद्धीत इतर संकेतस्थळांवरील उल्लेख, अभिप्रायांची संख्या आणि त्यांतील गुण यांचा समावेश होतो. पैसे भरून या क्रमवारीत वर जाता येत नाही. जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांवर तशी खूण असते.

तीनपैकी अंतर हा निकष छोट्या कारागिराच्या बाजूचा आहे. रांझीतील घरमालकाने शोध घेतला तर रांझीतील मिस्त्रीला, त्याच्याकडे मोठे कार्यालय नसले तरी, मुळातच थोडे झुकते माप मिळते. भोपाळ वा इंदूरच्या बड्या कंपनीला हा लाभ मिळवता येत नाही. संबंध हा निकष माहिती नीट भरण्याने साधतो. प्रसिद्धी मात्र सावकाश, हंगामामागून हंगाम जमते, आणि घाई करणारे नेमके येथेच घसरतात.

साधनांची नावे मात्र अनेकदा बदलली. २००५ मधील स्थानिक व्यवसाय नोंदणीचे २०१४ मध्ये 'गुगल माय बिझनेस' झाले आणि २०२१ पासून ते 'गुगल बिझनेस प्रोफाईल' या नावाने ओळखले जाते. या बदलांतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोंदणीसोबत मिळणारी मोफत छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या फलकावर किंवा इतर ठिकाणी तो पत्ता छापला होता, त्यांचे ग्राहक आज रिकाम्या पानावर पोहोचतात.

नोंदणी करताना

नोंदणी विनामूल्य आहे. व्यवसायाचे नाव फलकावर आणि पावतीवर जसे असेल तसेच लिहावे. 'अमुक रूफिंग, जबलपूरमधील सर्वोत्तम, स्वस्त टीन शेड व वॉटरप्रूफिंग' अशी शेपटासारखी लांबलेली नावे नियमबाह्य असून, तक्रार झाल्यास नोंद थांबवली जाऊ शकते. अशी नावे काही काळ वर दिसतात हे खरे. पण ऐन जूनमध्ये नोंद बंद पडण्याचा धोका पत्करण्याइतका तो लाभ मोठा नाही.

मुख्य वर्ग एकच निवडायचा असतो. छप्पर कंत्राटदार, वॉटरप्रूफिंग सेवा आणि छप्पर साहित्याचे दुकान हे वेगवेगळे वर्ग आहेत. ज्या कामातून खरोखर अधिक उत्पन्न येते ते मुख्य ठेवावे आणि उरलेली कामे दुय्यम वर्गांत द्यावीत.

अनेक मिस्त्रींचे दुकान नसते. शिडी, दोर आणि अवजारे घरीच असतात. अशांनी पत्ता लोकांना न दाखवता 'सेवाक्षेत्र' नोंदवावे, अशी सोय आहे. त्यात जास्तीत जास्त २० ठिकाणे देता येतात आणि ती मुक्कामापासून वाहनाने सुमारे दोन तासांच्या आत असावीत, अशी अपेक्षा असते. जबलपूरच्या बाबतीत पनागर, भेडाघाट, बरगी, पाटण आणि सिहोरा ही नावे सहज बसतात. कटनी, मंडला व नरसिंहपूर ही शहरे साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास असल्याने तेथे खरोखर जाणार असल्यासच ती लिहावीत. नागपूर लिहिण्यात अर्थ नाही. मित्राच्या दुकानाचा पत्ता देऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नोंद करण्याचा सल्ला काही दलाल देतात. खातरजमेसाठी आता अनेकदा जागेचे, फलकाचे व अवजारांचे चित्रीकरण मागितले जाते आणि असे उसने पत्ते तेथेच उघडे पडतात.

फोन नंबर हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एका ठिकाणी ०७६१ने सुरू होणारा जुना लँडलाईन, दुसरीकडे मुलाचा मोबाईल, तिसरीकडे बंद पडलेले सिम, असे चित्र सर्रास दिसते. गुगल, १९९६ पासून चालणारी जस्टडायल सेवा, फेसबुक आणि स्वतःचे संकेतस्थळ या सर्व ठिकाणी नाव, पत्ता व नंबर अक्षरशः एकच असावेत. इंडियामार्ट हे मुख्यतः व्यापाऱ्यांमधील देवघेवीचे व्यासपीठ असल्याने पत्रे विकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. गळती काढणाऱ्याला बेताचाच.

गोरखपूर कोणते?

जबलपूरमध्ये स्थळनामांचा गुंता विशेष आहे. शहरात गोरखपूर नावाची मोठी वस्ती आणि बाजारपेठ आहे, तर गोरखपूर हे उत्तर प्रदेशातील एक मोठे शहरही आहे. 'सदर' जबलपुरात आहे तसे नागपुरातही आहे. विजयनगर म्हटले की इंदूरकरांना त्यांचे विजयनगर आठवते. जिल्ह्यातील पाटण हे तालुक्याचे ठिकाण. पण महाराष्ट्रातील वाचकाला पाटण म्हणजे सातारा जिल्ह्यातील वाटेल आणि गुजराती माणसाला राणीच्या वावेचे.

ग्राहक जबलपुरातच उभा असेल तर मोबाईलला त्याचे ठिकाण कळते आणि फारसे अडत नाही. अडचण वेगळ्या परिस्थितीत येते. मुलगा पुण्यात वा बेंगळुरूत नोकरीस असतो, आई-वडील गोरखपुरातील जुन्या घरात राहतात, आणि गळतीसाठी माणूस शोधण्याचे काम मुलाकडे येते. तो वस्तीचे नाव टाईप करतो. अशा वेळी ज्या व्यवसायाच्या वर्णनात 'गोरखपूर, जबलपूर, मध्य प्रदेश' असे पूर्ण लिहिलेले आहे आणि ४८२ने सुरू होणारा पिनकोड आहे, त्याची ओळख शोधयंत्राला पटते. ग्वारीघाटाबाबत आणखी एक पेच आहे : गौरीघाट हे नवे नावही आता रूढ होत आहे. दोन्ही नावे एकेकदा वाक्यात येऊ द्यावीत. मराठीतील 'जबलपूर' आणि हिंदीतील 'जबलपुर' हा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधयंत्रे सामान्यतः सांभाळून घेतात, त्याची चिंता नको.

वस्त्यांची नावे घालायची म्हणून नेपियर टाऊन, राईट टाऊन, अधारताल, गढा, मदनमहल अशी प्रत्येकासाठी एकेक पान तयार करून त्यांत केवळ नाव बदललेला तोच मजकूर भरण्याची पद्धत बोकाळली आहे. गुगलच्या नियमांत ती निषिद्ध आहे आणि वाचणाऱ्यालाही ती फसवी वाटते. त्याऐवजी राईट टाऊनमधील एखाद्या जुन्या बंगल्याची गळती कशी सापडली, किती क्षेत्र होते, कोणता थर काढला आणि कोणता दिला, हे मालकाच्या अनुमतीने, त्याचे नाव व घर क्रमांक न देता लिहिले तर वस्तीचे नाव आपोआप येते.

लोक कोणत्या शब्दांनी शोधतात

हा भाग जबलपूरबाहेरच्या मराठी व्यावसायिकांनाही उपयोगी पडेल. कारागीर धंद्याच्या शब्दांत विचार करतो, ग्राहक त्रासाच्या शब्दांत. कंत्राटदार 'पॉलियुरेथेन लेपन' लिहितो. घरमालक 'छत टपक रही है' असे बोलून शोधतो. जबलपुरात टीन शेड, चद्दर, कवेलू, खपरैल, सीलन, लीकेज हे शब्द ऐकू येतात आणि त्यांतील बरेच रोमन अक्षरांत टाईप केले जातात. 'कवेलू' हा शब्द विदर्भातही घरोघर चालतो. तोच पदार्थ कोकणात कौल होतो आणि कौले फेरण्याला तेथे शाकारणी म्हणतात. रत्नागिरीच्या मिस्त्रीने आपल्या पानावर 'रूफ रेस्टोरेशन' लिहून 'शाकारणी' वगळली, तर त्याने आपल्याच गावकऱ्यांकडे पाठ फिरवली असे म्हणावे लागेल.

यावर खर्चिक उपाय नको. मागील हंगामात फोनवर आलेले वीस ग्राहक पहिल्या वाक्यात काय म्हणाले, ते आठवून लिहून काढावे. तेच शब्द सेवांच्या यादीत, वर्णनात आणि प्रश्नोत्तरांत नैसर्गिकपणे यावेत. हिंदी व इंग्रजी दोन्ही असावे. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. 'आम्ही मराठीतही बोलतो' ही एक ओळ त्यांना आपुलकीची वाटेल. परंतु ही कुटुंबेही शोध बहुधा हिंदीतच घेतील, हे ध्यानात ठेवून मराठी मजकुरावर फार श्रम खर्च करू नयेत.

एक विषय असा आहे, ज्यावर चार ओळी लिहिणारा कारागीर इतरांहून वेगळा उठून दिसेल. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढताना ते कोरडे कापू वा फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत, कारण त्यांची सूक्ष्म धूळ फुप्फुसांना घातक असते. आपण हे काम कसे करतो, तुकड्यांचे काय करतो, उंचावर चढणाऱ्या माणसांना दोर व पट्टा देतो का, हे ग्राहक क्वचित विचारतात. पण वाचल्यावर विसरत नाहीत.

अभिप्राय कधी मागावा

हॉटेलचा अभिप्राय जेवण झाल्यावर देता येतो. छपराचा अभिप्राय काम संपल्याच्या दिवशी दिला तर तो केवळ रंगाचा आणि साफसफाईचा असतो. एप्रिलमध्ये काम झाले असेल तर जुलैच्या अखेरीस, दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर, फोन करून 'कोठे ओल आली का' असे विचारावे. आली असेल तर जाऊन पाहावे; नसेल तर अभिप्रायाची विनंती करावी. 'तीन पावसाळे झाले, थेंब नाही' हे एक वाक्य 'उत्तम सेवा' अशा दहा अभिप्रायांपेक्षा पुढच्या ग्राहकाला अधिक काही सांगते. त्यात कामाचा प्रकार आणि वस्तीचे नावही बहुधा आपसूक येते.

सवलत वा भेट देऊन अभिप्राय घेणे, तसेच केवळ खूश ग्राहकांनाच निवडून विनंती करणे, हे दोन्ही गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक असून मुख्यतः अभिप्राय प्रसिद्ध करणाऱ्या व्यासपीठांसाठी आहे. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असा त्याचा रोख आहे.

प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देणे टाळू नये. वाद न घालता, काम कधी झाले, कोणती हमी दिली होती आणि पाहणीस कधी येणार, एवढेच लिहावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा नंतर वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. ग्राहकाचा पत्ता किंवा त्याने किती पैसे थकवले, हे तेथे कदापि लिहू नये.

छायाचित्रे स्वतःच्या कामाची असावीत : गळतीचा डाग, उघडलेला थर, पूर्ण झालेले काम. परदेशातील लाल कौलांच्या बंगल्याचे उसने चित्र जबलपुरातील ग्राहक क्षणात ओळखतो.

बनावट नोंदी आणि दलालांचे फोन

हा या विषयातील गंभीर भाग आहे. एकट्या २०२३ या वर्षात नियमभंग करणारे १७ कोटींहून अधिक अभिप्राय आणि १ कोटी २० लाख बनावट व्यवसाय नोंदी रोखल्याचे किंवा काढून टाकल्याचे गुगलने म्हटले आहे. मार्च २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेत अशा बनावट नोंदींबाबत न्यायालयात दावा दाखल केला. त्या प्रकरणाची सुरुवात टेक्सासमधील एका कुलूप दुरुस्ती व्यवसायाच्या तक्रारीतून झाली होती. कुलूप असो वा छप्पर, गरज तातडीची आणि ग्राहक अनोळखी असला की बनावट नोंदीचे फावते. नोंदीवरील नंबर दलालाचा असतो. तो ग्राहकाची चौकशी दलाली घेऊन कोणालाही विकतो, आणि काम बिघडल्यावर जबाबदार कोण याचे उत्तर मिळत नाही.

छोट्या व्यावसायिकांना 'गुगलमधून बोलत आहे, तुमची नोंद बंद होणार आहे' असे फोन येतात आणि पैसे किंवा खातरजमेचा ओटीपी मागितला जातो. नोंदीसाठी शुल्क नाही आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. आपल्या नोंदीतील नंबर किंवा वेळ बाहेरच्या कोणी 'दुरुस्ती सुचवून' बदललेली नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. मे आणि जूनमध्ये दर आठवड्याला पाहिल्यास उत्तम.

घरमालकानेही काही गोष्टी पडताळून घ्याव्यात. नोंदीवरील नाव आणि पावतीवरील नाव एकच आहे का, जुन्या अभिप्रायांत शहरातील वस्त्यांचे उल्लेख आहेत का, पाहणीशिवाय फोनवरच दर ठरवून आगाऊ रक्कम मागितली जाते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

हंगामाचे गणित

पूर्व मध्य प्रदेशात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यानंतर पोहोचतो. शोध त्या सुमारास वाढला तरी नोंदीची मशागत त्याच वेळी सुरू करून उपयोग नसतो. नवी नोंद आणि नवे पान रुळायला काही आठवडे लागतात. माहितीची दुरुस्ती, छायाचित्रे आणि सेवांची यादी फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण करावी. याच काळात महाकोशलात गारपीट होते आणि सिमेंटचे पत्रे फुटतात. तेव्हा तातडीची दुरुस्ती करतो की नाही, हे नोंदीत स्पष्ट असावे. भर पावसात स्लॅबवर कायमचे काम होत नाही, तात्पुरता बंदोबस्तच होतो. जुलैत तसे प्रांजळपणे लिहिणाऱ्याला ऑक्टोबरमधील काम मिळण्याची शक्यता अधिक.

भारतात ऑगस्ट २०२४ पासून गुगलच्या निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांशही दिसू लागले आहेत, इंग्रजीप्रमाणेच हिंदीतही. ते उपलब्ध मजकुरातूनच रचले जातात. त्यासाठी निराळी विद्या विकणाऱ्यांपासून जपून असावे.

काही कामांना या साऱ्याचा उपयोग नाही. आयुध निर्माण्या, छावणी परिषद, रेल्वे यांची छप्परकामे निविदांतून अथवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेतून, म्हणजे जेम पोर्टलवरून जातात. तेथे नकाशावरील स्थानापेक्षा नोंदणी, अनामत रक्कम आणि पूर्वानुभवाची कागदपत्रे मोजली जातात.

नोंदीच्या आकडेवारीत किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणत्या शब्दांनी शोध घेतला, हे दिसते. छप्परवाल्याकडे ग्राहक सहसा चालत येत नाही, तेव्हा रस्ता विचारणाऱ्यांचा आकडा सोडून द्यावा आणि फोनचा पाहावा. तोही अपुरा असतो, कारण काही जण नंबर पाहून दुसऱ्याच मोबाईलवरून फोन करतात. म्हणून फोनजवळ एक वही ठेवून त्यात तारीख, वस्ती, कामाचा प्रकार आणि 'नाव कोठून मिळाले' असे चार रकाने आखावेत. काम मिळाले की नाही, याचा पाचवा रकाना पाहणी झाल्यावर भरावा.